घट, हत्ती आणि साडेदहा हजार रोपं



दोन महिने पेजवर काही टाकलं नाही. काहींनी फोन करून विचारलं, "दादा, बरे आहात ना?" बरा आहे. तुळशीची लग्नं लागली, दिवाळीच्या सुट्टीला आलेल्या गाड्या घाट उतरून गेल्या आणि रानात स्ट्रॉबेरीला पहिली फुलं दिसायला लागली. आता बसून लिहितो.

बाहेरच्या मित्रांसाठी आधी गावाची ओळख. मी पाचगणीजवळचा. उंची साधारण १३०० मीटर. जून ते सप्टेंबर नुसता पाऊस आणि धुकं. भाद्रपद सरला की आमच्याकडं जणू वर्ष सुरू होतं. दुकानदार पावसासाठी बांधलेलं प्लास्टिक सोडतात, लॉजवाले भिंतीवरची बुरशी खरडून रंग मारतात, टेबललँडवरचे घोडेवाले घोड्यांची नवी सामानसुमानं काढतात. मग नवरात्र, दसरा, कोजागरी, दिवाळी एकामागोमाग एक. गावोगावच्या देवळात घट बसतात, बाजारपेठेत देवी बसते, हॉटेलांच्या हिरवळीवर मुंबई-पुण्याच्या पाहुण्यांसाठी दांडिया होतो. प्रतापगडावर भवानीचं नवरात्र असतं, गडावर मशाली पेटतात, आमची पोरं दरवर्षी गाड्या काढून जातात. बोर्डिंगच्या शाळांना दिवाळीची सुट्टी लागली की पोरांना न्यायला आईबाप येतात आणि त्या चार दिवसांत बाजारात पाय ठेवायला जागा नसते.

आणि याच दिवसांत आमची स्ट्रॉबेरीची लागण.

आता मूळ मुद्दा. सण चालतात चंद्रावर आणि शेती चालते सूर्याच्या नक्षत्रावर. उत्तरा साधारण १३ सप्टेंबरला लागतं, हस्त म्हणजे आपला हत्ती २७ ला, चित्रा १० ऑक्टोबरच्या आसपास. त्यात वर्षाला फार तर एखादा दिवस इकडंतिकडं. पण घट बघा. २०२३ ला अधिक श्रावण होता, घट बसले १५ ऑक्टोबरला. २०२४ ला ३ ऑक्टोबरला. यंदा २०२५ ला २२ सप्टेंबरलाच. दरवर्षी दहा-बारा दिवस अलीकडं सरकत येतात आणि अधिक महिना आला की परत पुढं ढकलले जातात. म्हणजे अधिक महिन्याच्या अलीकडचं जे वर्ष असतं, त्या वर्षी नवरात्र पावसात सापडायची भीती जास्त. आमच्या म्हाताऱ्यांना हे पक्कं माहीत होतं. पण त्यांची पिकं नाचणी, वरी आणि भात. ती तेव्हा रानात उभी असायची, माणूस मोकळा असायचा. स्ट्रॉबेरी आली आणि नेमके तेच दिवस कामाचे झाले.

यंदा मी काय केलं ते सांगतो. चूक माझीच आहे, दुसऱ्या कुणाची नाही.

मी आमच्या मंडळाचा खजिनदार. वर्गणी, मांडव, साउंडवाल्याचा ॲडव्हान्स, सगळं माझ्या वहीत. एकदा घट बसले की बायका मिळत नाहीत हेही माहीत. जावळीकडून टेम्पोनं येणाऱ्या बायका नवरात्राला आपापल्या घरी जातात. गावातल्या येतात त्यांचा उपास असतो, काहीजणी नऊ दिवस अनवाणी. गार चिखलात अनवाणी पायानं उपाशीपोटी दिवसभर वाकून रोप लावायला कोणत्या तोंडानं सांगायचं? म्हणून मी घट बसायच्या आत काम उरकायचं ठरवलं. १९, २० आणि २१ तारखेला वीस गुंठ्यात साडेदहा हजार रोपं लावून मोकळा झालो.

घाईत दोन गोष्टी बिघडल्या. गादीवाफे दरवर्षी फूटभर उंच ओढतो, यंदा जमीन ओली म्हणून टिलर नीट चालला नाही आणि वाफे सात-आठ इंचांवरच राहिले. दुसरं म्हणजे खालच्या अंगाला चर काढायचा राहिला. म्हटलं, नवरात्र झाल्यावर काढू. मल्चिंग पेपर तर आमच्याकडं रोप जीव धरल्यावरच अंथरतात, त्यामुळं वाफे उघडेच होते.

यंदा नवरात्रही दहा दिवसांचं, माळ एक जास्त. सहाव्या माळेला, २७ तारखेला, हत्ती लागला आणि लागला तो सोंड वर करूनच. शनिवार संध्याकाळी धरला तो रविवारी दिवसभर. देवळात आरती चालली होती आणि माझं सगळं ध्यान पत्र्यावरच्या आवाजाकडं. बॅटरी घेऊन रानात गेलो तर खालचे वाफे दिसतच नव्हते, नुसतं लाल पाणी. रात्री अकराला थोरला आणि मी कुदळीनं चर फोडत होतो. वर मांडवात कुणीतरी माईक चालू ठेवलेला, त्याची घरघर ऐकू येत होती.

पाणी निघालं, पण दोन दिवसांनी रोपं माना टाकायला लागली. ओढलं की हातात यायची. क्राऊन उभा चिरून बघितला तर आत तांबूस-तपकिरी. कृषी सहायक आले, म्हणाले, "पाणी साचलं की ट्रायकोडर्मा काय करणार? आधी निचरा, मग औषध." खरं आहे. लागण करताना क्राऊन मातीच्या बरोबरीनं ठेवायचा, गाडायचा नाही, हे मी दुसऱ्यांना सांगत फिरतो. पण वाहून आलेल्या गाळानं माझेच क्राऊन दोन बोटं गाडले गेले होते. मेलेली रोपं मोजली. २७४० भरली.

आता रोप सांधायची ती लगेच. आमचा पैसा पहिल्या फळात असतो. नोव्हेंबरअखेर ते नाताळपर्यंत जो माल निघतो त्याचा भाव पुढं राहत नाही. पंधरा दिवस उशीर म्हणजे ती बाजारपेठ गेली.

१ ऑक्टोबरला खंडेनवमी. सकाळीच खुरपं घेऊन निघालो तर आई उंबऱ्यात. वय ब्याऐंशी. "आरं, आज हत्यारांची पूजा. आजच्या दिवस त्यांस्नी इसावा. हात लावायचा न्हाई." मी म्हटलं, आई, रोपं मरायला लागलीत. ती म्हणाली, "मेलेली आज काढ नायतर उद्या काढ, मेलेलीच ऱ्हाणार." मी चिडलो. सणाच्या दिवशी आईवर आवाज चढवला, याचं आजही वाईट वाटतं. आमची मंडळी मधे पडली. म्हणाली, खुरपी, कुदळी, विळे, पंप, टिलर सगळं पूजेला मांडा, झेंडूची फुलं वाहा आणि आपण नुसत्या हातानं कुजलेली रोपं वेचू, हाताला कुठं सुट्टी आहे? आई काही बोलली नाही, पण उंबऱ्यातनं उठली. दिवसभर आम्ही तिघं हातानं रोपं उपटून पोत्यात भरून बांधाबाहेर नेत होतो. ती रानात टाकून ठेवायची नसतात, रोग पसरतो.

दसऱ्याला सकाळी घटातलं धान काढलं. जाता जाता एक सांगतो, घटाकडं लक्ष देऊन बघत जा. घरच्या बियाणाची नऊ दिवसांची उगवण चाचणीच आहे ती. यंदा आमच्या घटात नाचणी दाट उगवली आणि हरभरा निम्मा कुजला. पुढच्या हरभऱ्याला बी विकत आणायचं हे मला तिथंच कळलं.

लोक सीमोल्लंघनाला वेशीबाहेर गेले, मी पसरणी घाट उतरून वाईच्या बाजूला गेलो. आमच्याकडच्या पावसात रोपवाटिका टिकत नाही म्हणून मदर प्लांटपासून रनर तिकडंच वाढवतात. दसऱ्याचा दिवस, मालक घरी जेवायला बसलेला. ताटावरनं उठून आला. पाऊस सगळ्यांनाच लागलेला, त्यामुळं मागणी फार. २००० रोपं मिळाली, बारा रुपयांनी २४ हजार. वर त्यानं आपट्याची पानं हातात ठेवली.

संध्याकाळी देवळात सोनं वाटताना कळलं, निम्म्या गावाची तीच गत. कुणाची हजार गेली, कुणाची चार हजार. बायका नाहीत, मजुरी वाढलेली. तेव्हा आई पायरीवर बसल्या जागेवरनं म्हणाली, "पैरा करा की रं." विशी-पंचविशीतल्या पोरांना पैरा म्हणजे काय तेच माहीत नाही! एकाला वाटलं ॲप आहे. समजावून सांगितलं, आज सगळे तुझ्या रानात, उद्या सगळे माझ्या, पैसा नाही, दुपारची भाकरी ज्याचं रान त्याची.

तिसऱ्या दिवशी सकाळी सातला माझ्या वाफ्यावर अठरा माणसं. त्यात दांडियाला पुढं असणाऱ्या सहा पोरी, हॉटेलात वेटर असलेले दोघं आणि एक टॅक्सीवाला, गाडीच्या दसऱ्याच्या माळा तशाच. सगळे आले असं नाही. तीन घरांनी सरळ सांगितलं की सीझनची ड्युटी आहे, जमणार नाही. त्यांना नावं ठेवायची नाहीत, पोट तिकडं आहे. दुपारी बाराच्या आत २००० रोपं लागली. दोन पोरींनी क्राऊन गाडले, परत वर घ्यायला लावले. उरलेल्या सातशे-चाळीस जागांत लसूण टोचला.

पैरा कोजागरीपर्यंत चालला. कोजागरीला देवळापुढं दूध आटवलं. एरवी त्या रात्री गाणी असतात, यंदा सगळे कंबर धरून बसलेले. चंद्र ढगात होता. दूध थोडं करपलं, तरी संपलं. तिथंच हिशेब मांडला. पावसामुळं साउंड दोन रात्री वाजलाच नव्हता, साउंडवाल्यानं निम्मे पैसे परत केले. ते काय करायचं यावर वाद झाला. थोरला म्हणाला, मंडळाचा पैसा मंडळाकडं राहू दे, वर्गणी देवीच्या नावानं गोळा केलीय. मी म्हटलं, देवळाच्या वरचं पाणी ज्या ओघळीतनं सगळ्यांच्या रानात उतरतं, तिथं पाइप टाकू. अजून मिटलेलं नाही. घरातही मिटलेलं नाही.

दिवाळीत पाहुणे आले, नेहमीप्रमाणं विचारत होते, "ताजी स्ट्रॉबेरी कुठंय?" त्यांना फांदीवरचं हिरवं पानही दाखवतो, रागवत नाही. गाजर आणि मुळा घेऊन जातात.

पुढच्या वर्षी अधिक ज्येष्ठ आहे, घट ११ ऑक्टोबरला बसतील. म्हणजे उत्तरा आणि हत्ती दोन्ही लागणीला मोकळे मिळतील. मी वाफे फूटभर उंच ओढणार आणि चर आधी काढणार. मंडळात एवढं ठरलंय की साउंड दहाला बंद आणि पैऱ्याची यादी वर्गणीच्या वहीत मागच्या पानावर. पहिलं नाव माझंच आहे, कारण अजून माझ्याकडं चौघांचा पैरा फिटायचा राहिलाय. त्यातल्या एकाच्या रानात उद्या सकाळी पेपर अंथरायचाय.

तुमच्याकडं पैऱ्याला काय म्हणतात ते खाली लिहा. फुलांचे फोटो उद्या टाकतो.