अंधारावर संपणारे स्तोत्र

थोरला भाऊ गेला तेव्हा प्रार्थनेसाठी घरी येणारा प्रत्येक जण 'प्रभूची इच्छा' एवढेच म्हणत होता. मला त्या इच्छेचाच राग आला होता.

स्तोत्रसंहितेतील 150 स्तोत्रांपैकी बरीचशी विलापाची आहेत. पण विलाप करणारा कवी बहुधा अखेरीस स्तुतीकडे वळतो. 88 वे स्तोत्र वळत नाही. देवानेच आपल्याला गर्तेत टाकले, जिवलगांना दूर केले, असा थेट आरोप त्यात आहे. आणि मूळ हिब्रूत त्याचा शेवटचा शब्द अंधाराचा आहे. तरीही ते उपासनेच्या ग्रंथात ठेवले गेले. संकलकांचे हे धैर्य मला पुष्कळ प्रवचनांहून मोठे वाटते.

तुकोबांची विठ्ठलाशी भांडणे ठाऊक असलेल्या मराठी ख्रिस्ती मनाला हा सूर परका नसावा. ना. वा. टिळकांनी तर तुकोबांना ख्रिस्ताकडे नेणारा पूल मानले होते. आमच्या प्रार्थनासभांत मात्र तो क्वचितच ऐकू येतो. तेथे उपकारस्तुतीची घाई असते.

त्या वर्षी मी रात्री तेवढे एकच स्तोत्र म्हणत असे. राग ओसरला असे म्हणवत नाही. ज्याच्यावर रुसलो होतो, त्याच्याशी बोलणे तेवढे तुटले नाही. शेवटी 'आमेन' म्हणायला बरेच महिने लागले.