मुक्तिनाथी वाट पाहताना

आमच्या देवघरात चार पिढ्यांपासून एक शाळिग्राम आहे. तो ज्या नदीतून आला ती गंडकी एकदा डोळ्यांनी पाहावी आणि मुक्तिनाथाचे दर्शन घ्यावे, अशी माझ्या मातोश्रींची फार जुनी इच्छा. संसाराच्या धबडग्यात ती राहून गेली आणि आता वयोमानाप्रमाणे त्यांना घराचा जिना उतरणेही होत नाही. तेव्हा गतवर्षी दिवाळीच्या सुट्टीला जोडून रजा काढली, सौभाग्यवतीला मातोश्रींपाशी ठेवले आणि मी एकट्यानेच ही यात्रा केली. खरे सांगायचे तर मातोश्रींची इच्छा हे अर्धेच कारण होते. उरलेले अर्धे कारण म्हणजे आमची मुले.

माझी कन्या, तिच्या महाविद्यालयातील एक मैत्रीण व एक मित्र, आणि माझ्या धाकट्या बहिणीचा एकुलता एक मुलगा, अशा चौघांनी अन्नपूर्णा पर्वताला वळसा घालणारी प्रसिद्ध पदयात्रा करण्याचे ठरविले होते. बेसीसहरहून निघायचे, मर्स्यांगदी नदीच्या काठाने मनांगला जायचे, ५,४१६ मीटर उंचीची थोरंग-ला ही खिंड ओलांडायची आणि पलीकडे मुक्तिनाथाला उतरायचे. मी पोखऱ्याहून जीपने मुक्तिनाथ गाठावे आणि तेथे आमची भेट व्हावी, असा बेत ठरला. वडोदऱ्याहून बहिणीचा दूरध्वनी आला, "दादा, तुझ्या भरवशावर पाठवते आहे हो."

मुले माझ्या आधी आठवडाभर निघाली. ग्वाल्हेर स्थानकावर निरोप देताना मी भाच्याच्या खांद्यावर हात ठेवला. सहा फूट उंचीचा, कबड्डीच्या मैदानावर घडलेला मुलगा. म्हणालो, "तू घरचा माणूस. मुलींना सांभाळ. काही कमीजास्त झाले तर मी तुलाच विचारीन." तो हसून म्हणाला, "मामा, मुळीच काळजी करू नका." मोठ्या माणसाने म्हणायचे ते आपण म्हटले, अशा समाधानात मी घरी परतलो. या वाक्याकडे मला पुढे पुन्हा यायचे आहे.

नेपाळ हा परदेश खरा, पण आपल्या मनाला तो परदेश वाटत नाही. सोनौलीच्या कमानीखालून माणसे भाजीबाजाराला जावे तशी येतात-जातात. पारपत्र नसले तरी आपल्या लोकांना निवडणूक ओळखपत्र पुरते. देवनागरी पाट्या वाचता येतात, हिंदी चालते. फरक जाणवतो तो घड्याळात. तेथील वेळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटांनी पुढे. एवढ्या जवळिकीमुळे परक्या भूमीवर जी सावधगिरी बाळगावी ती जागीच होत नाही. माझीही झाली नव्हती.

पोखरा सोडले की काही तासांनी रस्ता काली गंडकीच्या खोऱ्यात शिरतो. एका हाताला ८,१६७ मीटरांचा धवलगिरी, दुसऱ्या हाताला ८,०९१ मीटरांची अन्नपूर्णा आणि मधून ही करड्या पाण्याची नदी. घासाच्या पुढे हिरवाई विरळ होत जाते, मार्फाच्या सफरचंदांच्या बागा मागे पडतात आणि जोमसोमला पोहोचेपर्यंत सारा मुलूख कोरडा, पिवळसर, वाऱ्याने खरवडलेला दिसू लागतो. दुपार जवळ आली की या खोऱ्यात असा वारा सुटतो की माणसाला तोल सावरून चालावे लागते; जोमसोमची विमाने म्हणूनच सकाळीच काय ती उडतात. नदीच्या पात्रात शाळिग्राम शोधणारी माणसे वाकून चाललेली दिसली. शास्त्रज्ञांच्या मते हे शाळिग्राम म्हणजे प्राचीन समुद्रातील शिंपल्यांच्या प्राण्यांचे अवशेष. हिमालय वर येण्यापूर्वी येथे समुद्र होता. आमच्या देवघरातल्या त्या काळ्या गुळगुळीत दगडाचे वय असे एकाएकी वाढलेले पाहून मला मोठा आनंद झाला.

त्या आनंदात मी एक मूर्खपणा केला. पोखरा सुमारे आठशे मीटर उंचीवर आहे आणि मुक्तिनाथाच्या पायथ्याचे राणीपौवा हे गाव साडेतीन हजार मीटरांहून अधिक उंचीवर. जोमसोमला एक रात्र मुक्काम करावा, असे जीपचालकाने सुचविले होते. रजेचे दिवस मोजणाऱ्या मुख्याध्यापकाने ते मानले नाही. बुधवारी सायंकाळी राणीपौव्याला उतरलो तेव्हा डोके ठणकत होते, अन्नावर वासना नव्हती. लॉजची मालकीण पन्नाशीची, गोल चेहऱ्याची बाई. सारे तिला दिदी म्हणत. तिने विचारले तेव्हा मी "प्रवासाचा शीण" असे सांगून मोकळा झालो. परंतु तिने माझ्यापुढचा न प्यायलेला चहा पाहिला होता. लसणाचे गरम सार पुढे ठेवीत ती म्हणाली, "मास्टरजी, सकाळी डोके दुखायचे थांबले नाही तर देव राहू द्यायचा आणि खाली जोमसोमला उतरायचे. देव कोठे जात नाही." मी निमूटपणे सार प्यालो. दोन पोरींचा बाप, तीस वर्षे मुलांना आरोग्यशास्त्राचे धडे देणारा मी, आणि माझे खोटे एका अनोळखी बाईने पेल्यावरून ओळखले होते.

सुदैवाने सकाळी डोके उतरले. मंदिराची चढण मी दर वीस पावलांवर थांबत चढलो. पॅगोडा पद्धतीचे ते लहानसे विष्णुमंदिर, त्यामागे अर्धवर्तुळात १०८ गोमुखी धारा आणि पुढे दोन कुंडे. दक्षिणेकडील वैष्णव यास आपल्या १०८ दिव्यदेशांपैकी एक मानतात, तर बौद्धांचेही हे पवित्र स्थान. देवाची सेवा बौद्ध भिक्षुणी करतात. जवळच ज्वालामाईच्या मंदिरात पाण्याशेजारी भूगर्भातील वायूची निळसर ज्योत तेवत असते. आंध्राकडील यात्रेकरूंचा एक मेळा त्या बर्फासारख्या धारांखालून आरोळ्या ठोकीत धावत होता. मी धारांचे पाणी केवळ मस्तकी लावले, मातोश्रींच्या नावाने गडूभर तीर्थ घेतले आणि देवळाच्या वरच्या अंगाला, जेथे थोरंगची वाट उतरते, तेथे एका दगडावर जाऊन बसलो. मुले त्याच दिवशी, गुरुवारी, खिंड ओलांडून येणार होती.

ती वाट मी पाच तास न्याहाळीत होतो. खिंडीपासून येथपर्यंत सोळाशे मीटरांहून अधिक उतार एका दिवसात उतरावा लागतो. दुपारपासून पदयात्री येऊ लागले. धुळीने माखलेले, थकलेले, पण विजयी. फ्रेंच आले, जपानी आले, इस्रायलची तरुण मुले गात आली. आमचे चौघे नव्हते. २०१४ सालच्या ऑक्टोबरात विशाखापट्टणच्या किनाऱ्यावर आदळलेल्या हुदहुद वादळाचा शेष इथवर पोहोचला आणि याच उतारावर, याच मोसमात, हिमवृष्टीत व हिमकडे कोसळून चाळीसांहून अधिक माणसे दगावली. त्यात परदेशी होते, नेपाळी वाटाडे व भारवाहक होते, आपल्याकडचेही होते. आकाश त्या दिवशी स्वच्छ होते. परंतु वाट पाहणाऱ्याच्या मनातील आकाश निराळे असते. सूर्य धवलगिरीच्या बाजूला कलला, वाट रिकामी झाली, आणि बहिणीचा आवाज मला पुनःपुन्हा ऐकू येऊ लागला.

रात्री आठच्या सुमारास दिदीने हाक मारली. तिच्या दूरध्वनीवर माझी कन्या होती. तिचे पहिले वाक्य मी जन्मभर विसरणार नाही. ती म्हणाली, "बाबा, आम्ही मनांगला आहोत. सगळे." त्या अखेरच्या शब्दापुढे बाकीचे काही ऐकण्याचे मला भान राहिले नाही.

हकीकत कळली ती तीन दिवसांनी पोखऱ्यास, फेवा तळ्याच्या काठी. मनांगला ती मुले रीतीप्रमाणे दोन रात्री राहिली होती. हिमालयन रेस्क्यू असोसिएशन ही संस्था १९७३ साली स्थापन झाली. मोसमात मनांग येथे तिचे डॉक्टर असतात आणि दुपारी पदयात्रींना उंचीच्या आजाराविषयी व्याख्यान देतात. मुलांनी ते ऐकले होते. तीन हजार मीटरांच्या वर गेल्यावर रोजचा मुक्काम आदल्या मुक्कामापेक्षा तीनशे ते पाचशे मीटरांहून अधिक उंच नसावा. डोकेदुखी, मळमळ, अन्नावर अनिच्छा, निद्रानाश ही पहिली लक्षणे. ती असताना वर चढू नये. तोल जाऊ लागला, बोलण्यात गोंधळ दिसला किंवा बसल्या जागी धाप लागली, तर मेंदूत वा फुप्फुसांत पाणी साचू लागल्याचे ते चिन्ह. मग रात्र, थकवा, पैसे काहीही न पाहता खाली उतरावे. आणि आजाऱ्याला कधीही एकटे सोडू नये. थोरंगच्या माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्मा असतो. तेथे दंडाची ताकद उपयोगी पडत नाही. उलट बळकट माणूस भराभर चढतो म्हणून तोच आधी सापडतो.

भाच्याचे डोके याक खर्कापासून दुखत होते. दोन दिवस तो गुपचूप गोळ्या घेत होता. बुधवारी दुपारी ते थोरंग फेदीला, खिंडीच्या पायथ्याला, पोहोचले. जेवताना त्याने डाळभाताचे ताट बाजूला सारले. हे लक्षात आले कन्येच्या मैत्रिणीच्या; ती अबोल, चणीने लहान, जिची मला सर्वांत अधिक काळजी वाटली होती तीच. तिने पाहिले की तो बुटाची नाडी तीनदा बांधतो आहे आणि तरी ती सुटतेच आहे. ती उठली आणि त्याला अंगणात नेऊन म्हणाली, "टाचेला अंगठा लावून दहा पावले सरळ चालून दाखव." चौथ्या पावलाला तो भिंतीवर गेला. तरीही तो म्हणत होता, "मला काही झालेले नाही."

वाटाड्याने तत्काळ घोडा ठरविला. (२०२३ साली नेपाळने परदेशी पदयात्रींसाठी परवानाधारक वाटाड्याचा नियम केला, तो किती शहाणपणाचा आहे हे मला त्या दिवशी उमजले.) मग प्रश्न उभा राहिला. भारवाहक भाच्याला घेऊन उतरू शकत होता आणि उरलेली तिघे पहाटे वाटाड्याबरोबर खिंड ओलांडू शकत होती. खिंड अवघ्या काही तासांवर. त्या मित्राने या प्रवासासाठी वर्षभर शिकवण्या करून पैसे साठविले होते. त्याने हा पर्याय बोलून दाखविला, आणि त्याला दोष देणे मला जमत नाही. भाचाही हट्टाने म्हणत होता, "तुम्ही जा." तेव्हा ती अबोल मुलगी म्हणाली, "तो जा म्हणतो हे खरे. पण आज त्याचे म्हणणे धरायचे नाही. भारवाहक भला माणूस आहे, पण याला कोणते औषध चालत नाही आणि याच्या आईचा क्रमांक काय, हे त्याला कोठे ठाऊक आहे?" अर्ध्या तासात चौघेही उतरू लागली. दिवस मावळण्यापूर्वी याक खर्का गाठले, दुसऱ्या दिवशी मनांग. डॉक्टरांनी प्राणवायू व औषधे दिली आणि वेळेवर उतरल्याबद्दल मुलांची पाठ थोपटली. तो मित्र मात्र दोन दिवस कोणाशी फारसा बोलला नाही. हेही मी लिहितो, कारण मैत्रीची किंमत द्यावी लागते आणि ती देताना चेहरा हसरा असतोच असे नाही.

पोखऱ्यास भाच्याला मी एकट्याने विचारले, "अरे, दोन दिवस तू बोलला का नाहीस?" तो तळ्याकडे पाहत म्हणाला, "मामा, तुम्हीच सांगितले होते ना, मुलींना सांभाळ म्हणून. सांभाळणाऱ्यानेच डोके दुखते म्हणून बसायचे कसे?"

वाचकहो, मला उत्तर सुचले नाही. आपण घरातील वडील माणसे मुलांना निरोप देताना एकाला रखवालदार करतो आणि बाकीच्यांना ठेव. त्यामुळे ठेवीकडे सर्वांचे लक्ष राहते, पण रखवालदाराकडे कोण पाहणार? आणि ज्याला आपण बळकट ठरविले तो आपला अशक्तपणा कोणत्या तोंडाने सांगणार? मी स्वतः दिदीपुढे तेच केले होते. लक्षणे लपविण्याची कला पुरुषांना कोणी शिकवावी लागत नाही. ती आम्ही शाबासकी देऊन वाढवितो.

आपली मुले आता नेपाळलाच काय, थायलंड, व्हिएतनाम, लाओस येथेही मित्रमंडळींसह जातात. सर्वत्र उंच खिंडी नसतात, पण धोका असतो. लाओसमधील वांग व्हिएंग या गावी २०२४ च्या नोव्हेंबरात मिथेनॉलमिश्रित दारूने सहा परदेशी पर्यटक मृत्युमुखी पडले. अशा विषबाधेची आरंभीची चिन्हे साध्या नशेसारखीच दिसतात; "झोपेल म्हणजे उतरेल" असे म्हणून मित्राला खोलीत एकटे ठेवणे म्हणूनच घातक. मुलांनी निघण्यापूर्वी एकमेकांच्या घरचे क्रमांक, औषधे, पारपत्राच्या प्रती, विमापत्र आणि भारतीय वकिलातीचा क्रमांक आपसांत वाटून घ्यावेत. जेवढे गेले तेवढेच मुक्कामाला परतावे. आणि बरे वाटत नसेल तर ते सांगणे हा कमीपणा नव्हे, असा करार घरून निघतानाच व्हावा. आपणही त्यांना तसाच निरोप द्यावा.

परतताना भाच्याला मी स्वतः वडोदऱ्यास पोहोचविले. बहिणीने दार उघडले, त्याला नखशिखांत न्याहाळले आणि मला म्हणाली, "दादा, तुझ्यावर भरवसा ठेवला होता म्हणून बरे." मी म्हणालो, "माझ्यावरचा भरवसा थोडा कमी कर." आणि पिशवीतून मुक्तिनाथाचे तीर्थ काढून तिच्या हाती दिले. अर्धे मातोश्रींसाठी ठेवले होते. पुढच्या वर्षी चौघे पुन्हा जाणार आहेत. खिंड आहे तेथेच आहे. या वेळी स्थानकावर मी काय बोलायचे ते त्या अबोल मुलीला विचारून ठरविणार आहे.