कोटाखालचा सदरा

माघ सरला की माळव्यातील पुरुषमंडळींपुढे दरवर्षी एक पेच उभा राहतो. पहाटे दूध आणावयास बाहेर पडावे, तर अंगावर शिरशिरी येते. दहा वाजता कचेरीत पोहोचावे, तो पाठीला घामाची धार लागलेली असते. आणि रात्री सराफ्यात चार घास खाऊन परतावे, तर राजवाड्यापाशी वाऱ्याची अशी झुळूक येते की, डांबराच्या गोळ्यांसह ट्रंकेत निजविलेल्या स्वेटरची आठवण व्हावी. स्त्रियांना निदान पदर असतो. तो डोक्यावरून घेतला की पहाट निभते, कमरेला खोचला की दुपार निभते. पुरुषांनी मात्र सकाळी जे अंगावर चढविले तेच रात्रीपर्यंत वागवावयाचे. म्हणजे एक तर सकाळी कुडकुडावयाचे, नाही तर दुपारी उकडून घ्यावयाचे.

यात दोष कोणाचाच नाही. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर वसले आहे आणि समुद्र तर दूरच. फाल्गुन-चैत्रात येथील हवा कोरडी व आकाश निरभ्र असते. दिवसा तापलेली जमीन सूर्य मावळताच आपली ऊब भराभर आकाशाकडे सोडून देते. ती अडवावयास वर ढगांचे वा बाष्पाचे पांघरूण नसते. मार्च महिन्यात दुपारचे सरासरी तापमान ३४ अंशांच्या घरात, तर पहाटेचे १७ अंशांच्या आसपास असते. ज्या ‘शब-ए-मालवा’चे, म्हणजे माळव्याच्या रात्रीचे, गोडवे उत्तर हिंदुस्थानात गायिले जातात, ती रात्र याच चढउताराचे दान आहे. रात्र सुखाची हवी असेल, तर दिवसाचा हा लहरीपणा सोसलाच पाहिजे.

आपल्या पूर्वजांनी होळकरांबरोबर इकडे येऊन घरे केली, तेव्हा त्यांच्या पोशाखात या पेचाचे उत्तर होतेच. आत बंडी, तीवर अंगरखा किंवा बाराबंदी आणि खांद्यावर उपरणे. बाराबंदीचे बंद गारठ्यात आवळून घ्यावे, उन्हात सैल सोडावे. उपरण्याची तर गोष्टच निराळी. पहाटे ते कानांवरून गळ्याभोवती लपेटावे, ऊन चढले की घडी करून खांद्यावर टाकावे, भर दुपारी डोक्यावर घ्यावे आणि वाटेत आंबे मिळाले तर त्यांचे गाठोडेही बांधावे! इंदूरपासून नव्वदएक किलोमीटरवर असलेल्या महेश्वरी अहिल्याबाईंनी अठराव्या शतकात विणकर वसविले. तो धंदा पुढे खालावला. १९७९ मध्ये स्थापन झालेल्या रेहवा सोसायटीसारख्या संस्थांनी त्याला हात दिला. तेथील रेशीम-सुताचे उपरणे हातात घेतले तर त्याचे वजन जाणवत नाही, आणि गळ्याभोवती घेतले तर पहाटेचा वारा लागत नाही.

याचे मर्म सोपे आहे. ऊब देते ती कापडाच्या जाडीपेक्षा कपड्यांमध्ये अडकून राहिलेली हवा. म्हणून एका जाड कपड्यापेक्षा दोन पातळ कपडे अधिक उपयोगी. शिवाय दोहोंतील एक उतरविता येतो. अंगाशी सूतच असावे, कारण ते घाम टिपून घेते. मात्र भिजलेले सूत वाळावयास वेळ लागतो, आणि तेवढ्यात वारा लागला की अंग गार पडते. ‘घामेजल्या अंगाने वाऱ्यात बसू नकोस,’ असे आजी सांगत असे ते उगाच नव्हे. टेरिकॉट, टेरिलीन वरच्या कपड्याला चालेल. अंगालगत ते नको. लोकर किंचित दमट झाली तरी ऊब धरून ठेवते, म्हणून पहाटेच्या फिरण्याला बिनबाह्यांचा लोकरी स्वेटर उत्तम.

परंतु एवढ्याने माणूस नीटनेटका दिसतोच असे नाही. एकावर एक कपडे घालण्यातील खरी कसोटी घालताना लागत नाही, ती काढताना लागते.

आमचे वडील येथील एका कापडगिरणीत कारकून होते. अल्पाकाचा काळा, बंद गळ्याचा कोट हा त्यांचा बाराही महिन्यांचा वेष. रंगपंचमी झाली की कचेरीतील मंडळी दुपारी आपापले कोट खुंटीला टांगून सदऱ्यावर बसत. वडील मात्र गळ्याचा हूकसुद्धा काढीत नसत. कपाळ रुमालाने टिपीत आणि खाली मान घालून ताग्यांचा हिशेब लिहीत. “अण्णासाहेब, कोट काढा की आता,” असे कोणी म्हटले, तर “मला नाही उकडत” एवढेच उत्तर मिळे. हळूहळू गिरणीत त्यांची ख्याती झाली की, अण्णासाहेबांना ऊन बाधत नाही.

त्यामागचे कारण फक्त आमच्या आईला ठाऊक होते. कोटाखालच्या सदऱ्याची कॉलर एकदा उलटवून झाली होती. ती आणखी उलटविता येण्याजोगी नव्हती. पाठीवर उशीच्या जुन्या अभ्र्याचे ठिगळ होते. दर दिवाळीला आम्हा चौघा भावंडांचे कपडे होत, आणि वडिलांचा सदरा पुढल्या दिवाळीवर जाई. दिवसभर कापड मोजणाऱ्या माणसाच्या अंगावर धड सदरा नाही, हे चारचौघांना दिसू नये म्हणून ते कित्येक चैत्र त्या काळ्या कोटात उकडत राहिले.

पुढे थोरले बंधू नोकरीस लागले. पहिल्या पगारातून त्यांनी वडिलांसाठी पांढऱ्या पॉपलीनचे दोन सदरे शिवून आणले. वडिलांनी ते हातात घेतले, शिवण पाहिली, आणि “इतका खर्च कशाला?” असे म्हणून ते आत निघून गेले. दोन दिवसांनी आम्ही त्यांचा जेवणाचा डबा घेऊन गिरणीत गेलो. खुंट्यांच्या रांगेत अगदी टोकाला तो अल्पाकाचा कोट लटकत होता, आणि खाली वडील पांढऱ्या सदऱ्यात, बाह्या दुमडून, लिहीत बसले होते.

तेव्हापासून कपड्यांच्या बाबतीत आम्ही एक नियम पाळीत आलो आहोत: जो कपडा दिवसात केव्हातरी उतरवावा लागणार, त्याच्या खालचा कपडा चारचौघांत बसण्याजोगा असावा. जाकीट जुने असले तरी चालते, सदरा धड हवा. बाकीचे नियम याच्यामागून येतात. आतला कपडा पातळ, बाहेरचा त्याहून जाड. आतला रंग फिका, बाहेरचा गडद. दोन्ही चौकडीचे असले की माणूस बुद्धिबळाच्या पटासारखा दिसतो. झब्ब्यावरचे जाकीट कमरेच्या किंचित खाली संपावे. आणि सदरा विजारीत खोचलेला नसेल, तर तो स्वेटराखालून हातभर लोंबू नये. जो कपडा काढावयाचा, तो घडी करून पिशवीत मावला पाहिजे. नाही तर दुपारभर तो तान्ह्या मुलासारखा हातावर वागवावा लागतो. वय झालेल्यांनी पहाटे कान व छाती तेवढी जपावी.

गावागणिक यात थोडा फरक पडेल. ग्वाल्हेरला फाल्गुनातही एखादे दिवशी आभाळ भरून येते, पाऊस पडतो आणि गेलेली थंडी परतते. तेथील वाचकांनी मफलर इतक्यात ट्रंकेत टाकू नये. बेळगावकरांना चैत्र-वैशाखात दुपारच्या वळवाच्या सरीची धास्ती. त्यांनी वरचा कपडा भिजला तरी लवकर वाळेल असा निवडावा.

आमचे चिरंजीव टी-शर्टावर बटणे न लावता सदरा घालतात. ‘हा काय अवतार!’ असे सौभाग्यवती म्हणतात. आम्हांस मात्र त्या उघड्या सदऱ्यात उपरण्याचीच रीत दिसते. सकाळी बटणे लावावी, दुपारी उघडावी, फारच उकडले तर कमरेला बांधावा. खालचा टी-शर्ट स्वच्छ व धड असतो, तेवढे आम्हांस पुरे आहे.

आता पाडवा जवळ येईल. बाजारात नव्या तऱ्हेची जाकिटे टांगलेली दिसतील, आणि तरुणांचे मन तिकडे धावेल, ते धावावेही. फक्त खरेदीस निघण्यापूर्वी घरातील वडीलधाऱ्यांच्या सदऱ्याची कॉलर एकदा उलटून पाहावी. ते आपणहून काही सांगावयाचे नाहीत. विचारले तर म्हणतील, “मला नाही उकडत.”