बर्क

१८ ऑक्टोबर २००८, पुल-ए-खुमरी
दगड पांढरे असतील तरच पाय टाकायचा. लाल दिसले की मागे. सुरुंग काढणाऱ्यांनी आखलेली वाट जेमतेम गाडीच्या रुंदीची. लघवीलाही वाटेवरच.

२ नोव्हेंबर, सालंग
बोगदाच ३,४०० मीटरवर. आमचे टॉवर त्याहून वर. हातमोजे घालून जंपरचे नट सापडत नाहीत. काढले तर पाना कातडीला चिकटतो. आज दोघांची बोटं सोलली.

५ नोव्हेंबर
आईचा फोन. जुलैत काबूलच्या आपल्या दूतावासावर हल्ला झाल्यापासून पहिला प्रश्न ठरलेला: ठीक आहेस ना? मग लोडशेडिंग. बारा-बारा तास. विहिरीला पाणी आहे, मोटर बंद. "तिकडे कसली वीज देतोस, आधी आपल्याकडे दे."
खरंय.

११ नोव्हेंबर
बर्फ. काम नाही.

२७ नोव्हेंबर
फोरमनने रोजच्यासारखा छातीवर हात ठेवून विचारलं, "खाना खैरियत?" खाना म्हणजे घर. इथला नमस्कारच तो. सहा महिने सवयीने "खैरियत" म्हणत आलो. आज शब्द फुटेना. काल रात्री मुंबईत सीएसटीवर हल्ला. धाकटा तिथूनच लोकल पकडतो. फोन लागत नव्हता.
फोरमन टॉवरवर गेलाच नाही. बुखारीत लाकडं सारत बसला. मधूनच माझ्या फोनकडे बघायचा.
दहाला लागला. धाकटा काल नेमका लवकर निघालेला. आईला सकाळपर्यंत पत्ताच नाही. लाइट नव्हती, टीव्ही बंद.

१४ डिसेंबर, चिमतला सबस्टेशन, काबूल
उझबेकिस्तानची वीज आणि नघलू धरणाची वीज एकत्र जोडायची नाही. ताल जुळत नाही. फीडर वेगळे ठेवायचे. कुठला मोहल्ला कुणाच्या विजेवर, यावर दुपारभर वाद. नकाशा जुना. त्यातल्या काही गल्ल्या लढाईत गेल्या, त्यांच्यावरही वाद!

२९ डिसेंबर
रात्रभर खिडकीखाली कुणाचा तरी जनरेटर. डिझेलचा वास उशीला.

जानेवारी २००९, तारीख नंतर टाकीन
लाईन चार्ज. पुल-ए-खुमरी ते काबूल, २०२ किलोमीटर. मेगरचे आकडे तीनदा पाहिले होते, तरी ब्रेकर टाकताना पोटात गोळा. ट्रान्सफॉर्मर घुमायला लागला. कुणीतरी ओरडलं, "बर्क आमद!" वीज आली. फोरमनने माझी टोपी पळवली.

दुसऱ्या दिवशी
संध्याकाळी नानवाल्याकडे. बल्ब लागलेला. शेजारी कंदीलही, वात बारीक करून.
विझव की, म्हटलं.
"फर्दा," म्हणाला. उद्या.