सहाशे पस्तीस ग्रॅम

पुण्यातल्या पक्षीवेड्यांच्या घोळक्यात हल्ली पक्ष्यांइतकीच चर्चा खांद्यांची चालते. कुणाचा खांदा आखडलाय, कुणाला मानेचा पट्टा लागलाय, कुणाला डॉक्टरांनी वजन उचलायची मनाई केलीय. पन्नाशीच्या आसपासची ही मंडळी. पोरं मार्गी लागली, हातात चार पैसे खेळू लागले, तेव्हा कुठं हौसेनं १५०-६०० ची झूम घेतली, आणि नेमकी तेव्हाच शरीरानं कुरकुर सुरू केली. लेन्स जवळपास दोन किलो, कॅमेरा धरून पावणेतीनच्या घरात. मग मोनोपॉड आला. मग गाडीच्या खिडकीतून दिसेल तेवढंच टिपायचं ठरलं. शेवटी लेन्स कपाटात, सिलिका जेलच्या पुड्यांशेजारी, आणि मालक रविवारी घरी पेपर वाचत.

हे सगळं बघून माझं मत असं झालं की टेलिफोटो निवडताना पहिला आकडा ग्रॅमचा बघावा. तक्ते, आलेख, कोपऱ्यातला शार्पनेस, सगळं त्यानंतर. दुकानातल्या मुलाला हे पटत नाही. जड म्हणजे दमदार, असा त्याचा हिशेब, आणि तो अगदीच चुकीचा आहे असंही नाही.

लेन्सचं वजन वाढतं ते मुख्यतः समोरच्या काचेच्या रुंदीपायी. ६०० मिलिमीटरची एफ ४ लेन्स म्हटली की ६०० ला ४ नं भागायचं: पुढची काच निदान १५० मिलिमीटर व्यासाची हवी. एवढी काच, तिच्यामागे तिला साजेशा आणखी काचा, आणि हा सगळा संसार तोलून धरणारं नळकांडं. कॅननची १९९९ ची ६०० एफ ४ सव्वापाच किलोच्या वर भरायची. मधल्या काळात अभियंत्यांनी जिवाचं रान केलं आणि २०१८ साली तिसऱ्या आवृत्तीत ती तीन किलोंपर्यंत आणली. किंमत मात्र अशी की घरात सांगायची सोय नाही. २०२० मध्ये त्याच कंपनीनं ६०० मिलिमीटरचीच, पण एफ ११ ची लेन्स काढली. भागाकार आता पंचावन्नच्या आत आला आणि वजन ९३० ग्रॅमवर. वजनातून जे गेलं ते उजेडातून वजा झालं. एफ ४ च्या तुलनेत एफ ११ ला साधारण अष्टमांश उजेड मिळतो.

दुसरी वाट जास्त देखणी आहे. फ्रेनेल नावाच्या फ्रेंच माणसानं दीपगृहांसाठी जाडजूड भिंगाऐवजी वर्तुळाकार पायऱ्यांचं भिंग केलं. १८२३ साली ते कोर्दुआँच्या दीपगृहात बसलं. त्याच्यासारखीच दिसणारी, पण कितीतरी सूक्ष्म अशी वलयं काचेवर कोरली की प्रकाश विवर्तनानं वळतो. साध्या भिंगात रंग ज्या क्रमानं फाकतात, त्याच्या उलट क्रमानं ते इथं फाकतात. दोन्ही एकत्र बसवली की रंगांचा दोष एकमेकांत फिटतो आणि कमी काचांत काम भागतं. कॅननची अशी ४०० ची लेन्स २००१ ला आली. निकॉनची ३०० एफ ४ तर २०१५ मध्ये ७५५ ग्रॅमवर उतरली; आधीची त्याच मापाची लेन्स जवळजवळ दुप्पट वजनाची होती. यात उजेड गमवावा लागत नाही, पैसे मोजावे लागतात. झगझगीत दिवा चौकटीत आला तर त्याभोवती रंगीत कडीही उमटते. पण पक्ष्यांमागे फिरणाऱ्याला दिव्यांशी काय देणंघेणं!

तिसरी वाट म्हणजे सेन्सरच लहान घ्यायचा. ऑलिम्पसची ७५-३०० ही सव्वाचारशे ग्रॅमच्या आसपासची लेन्स त्यांच्या कॅमेऱ्यावर ६०० इतकी ओढ, म्हणजे लांबचं जवळ आणायची ताकद, देते. सेन्सर मात्र क्षेत्रफळानं फुल फ्रेमच्या चौथ्या हिश्शाचा, म्हणजे उजेडाचा प्रश्न मागच्या दारानं घरात.

मला मधलं काहीतरी हवं होतं. माझा कॅमेरा कॅननचा, क्रॉप सेन्सरचा, म्हणजे फुल फ्रेमहून लहान सेन्सरचा. त्यावर १००-४०० ची छोटी झूम लावली तर शेवटाला ६४० इतकी ओढ मिळते. वजन ६३५ ग्रॅम, ४०० वर एफ ८. आधी ती भाड्यानं आणली, सोबत ९३० ग्रॅमवाली ६०० सुद्धा, आणि दोन्ही घेऊन घोटावड्याला गेलो.

घोटावडे का, तर ते जवळ आहे आणि तिथं सगळ्या तऱ्हेचा उजेड मिळतो. पौड रस्त्यानं पिरंगुट मागे टाकलं की घोटावडे फाटा, तिथून आत वळलं की भाताची खाचरं, मुळेचं पात्र, ओढ्याकाठची झाडी आणि वर उघडे डोंगर. कार्तिकात भातं निघाली की खाचरांत धोबी नाचायला लागतात, ढोकरी बांधावर मातीच्या रंगात मिसळून बसते आणि उडाली की एकदम पांढरीशुभ्र होते. तारेवर खाटीक, माळावर गप्पीदास, आणि नशीब असेल तर हवेत एका जागी पंख मारत थांबलेली कापशी घार.

घोटावडे मुळशी तालुक्यात येतं, आणि लेन्स तपासायला या तालुक्याइतकी सोयीची जागा नाही. परदेशातले लोक भिंतीवर बारीक रेघांचे तक्ते लावून फोटो काढतात. इथं ‘प्लॉट विकणे आहे’चे फलक पावलोपावली उभे आहेत. लांबच्या फलकावरचा मोबाईल नंबर टिपायचा, पडद्यावर मोठा करायचा आणि ३ व ८ वेगळे वाचता येतात का बघायचं. मग तोच फलक चौकटीच्या कोपऱ्यात घ्यायचा, म्हणजे कडेची अक्षरं किती विरघळतात ते कळतं. सकाळी आठला दोन्ही लेन्सनी नंबर स्पष्ट दिला, ६०० नं अर्थात जास्त मोठा. साडेदहाला रिकाम्या खाचरांवरून ऊन तापून वर येऊ लागलं तशी अक्षरं पाण्याखाली गेल्यासारखी हलायला लागली. अशा वेळी लेन्स लाखाची असो की दहा लाखांची, हवा सगळ्यांना एकाच मापानं मोजते. लांबचं चांगलं टिपता येईल म्हणून लांब लेन्स घ्यायची हा समज तिथंच फिटला. जवळची छोटी गोष्ट मोठी करणं, एवढंच तिचं खरं काम.

उघड्यावर एफ ११ बद्दल माझी तक्रार नव्हती. ओढ्याच्या झाडीत शिरल्यावर मात्र आकडे बोलू लागले. एफ ४ ला जिथं आयएसओ १६०० वर भागलं असतं, तिथं एफ ८ ला ६४०० लागला आणि एफ ११ ला १२८००. दयाळाच्या काळ्या पंखावरची निळसर चमक जाऊन नुसती वाळू उरली. स्टॅबिलायझर दोन्हींत उत्तम आहे, पण तो आपल्या हाताची थरथर धरतो. दयाळाची शेपटी त्याच्या अखत्यारीत येत नाही. शिवाय ६०० ला साडेचार मीटरच्या अलीकडचं दिसतच नाही. ओढ्याकाठी चिखलावर फुलपाखरं बसलेली असतात, छोट्या झूमनं ती मीटरभरावरून सहज मिळाली.

तेव्हा लेन्स निवडणं म्हणजे कुठल्या फोटोंवर पाणी सोडायचं ते ठरवणं. संध्याकाळच्या अंधुक उजेडात उडणारा रातवा मला मिळणार नाही. दाट झाडीतला स्वर्गीय नर्तक मिळाला तरी दाणेदार मिळेल. हे मी कबूल केलं. चार तास गळ्यात कॅमेरा असूनही आपण चालतोय हे विसरायला होतं, ते मात्र मला सोडायचं नव्हतं.

ओढ कमी पडली की पाय आपोआप पुढे सरकतात, हा छोट्या लेन्सचा खरा धोका. जुन्या काळी लेन्स तोकड्या होत्या, म्हणून फोटोग्राफर घरट्यापाशीच आडोसा करून बसत. पक्षी हमखास येण्याची जागा तीच. एरिक हॉस्किंग या इंग्रज फोटोग्राफरचा डावा डोळा १९३७ साली घरट्यापाशी एका घुबडानं घेतला. घुबडाचं काही चुकलं असं मला वाटत नाही. विणीच्या दिवसांत घरट्याच्या वाटेला जाऊच नये, हातात ४०० असो की ८००.

पण विणीचा काळ सोडला तर जवळ जाण्याची एक बरी रीतही असते, आणि ती घोटावड्यात बांधावर भेटली. मोठी लेन्स तिपाईवर लावून उभं राहिलं की या भागात लोक लगेच येऊन विचारतात, “मोजणी हाय का?” जमिनींचे भाव असे झालेत की नळीतून बघणारा माणूस म्हणजे मोजणीवाला किंवा एजंट. छोटी झूम गळ्यात होती म्हणून की काय, उडवीपाशी पेंढा रचणाऱ्या मामांनी जरा सौम्यपणे चौकशी केली.

“कुठला गट बघताय?”

“गट नाही मामा, पक्षी बघतोय.”

“पक्षी व्हय! मग हितं काय उभं ऱ्हाताय? मोटारीपाशी जावा. खंड्या बसतोय पायपावर. मोटार बंद झाली का येतोय, बेडक्या धरायला.”

गेलो. मोटार बंद झाली आणि खंड्या आला, अगदी सांगितल्याप्रमाणे. पाइपाच्या सांध्यातून पाणी ठिबकत होतं, त्याखाली डबकं साचलेलं, आणि तो त्याच्याकडे मान तिरकी करून बघत बसला. मी उंबराच्या बुंध्याआड होतो. ४०० मध्ये चोचीचा लाल रंग, गळ्याचा पांढरा डाग, पोटाच्या चॉकलेटी पिसांना लागलेला चिखलाचा एक शिंतोडा, सगळं आलं. ६०० त्यानंतर दिवसभर पिशवीतून बाहेर निघाली नाही, आणि पुढच्या आठवड्यात मी छोटीच विकत घेतली.

परत येताना मामांना पडद्यावर फोटो दाखवला. त्यांनी तो नीट बघितला, मान हलवली आणि डोक्यावरची टोपी सारखी केली. “आता माझा बी एक काढा. उडवी आली पायजे, बैल बी आले पायजेत.”

टेलिफोटोवाल्याला माणसाचा फोटो काढायला सांगणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. १०० वर आणूनसुद्धा चौकटीत मामांची मिशी आणि टोपीच मावत होती. मागे सरकलो. एक बांध ओलांडला, बैलांची शिंगं आली. दुसरा ओलांडला, उडवीचा शेंडा अजून कापलेलाच. तिसऱ्या खाचरात धसकटं चुकवत उलटा चालत होतो, तेवढ्यात पलीकडून हाक आली, “अवं, फोटू काढताय का पुण्याला निघालाय?”