मामांचा फोन

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत सळईच्या रोलिंग मिलमध्ये मी 27 वर्षं काढली. शेवटची 8 वर्षं जनरल मॅनेजर होतो. त्या आषाढात बांधकामं थंडावली, सळईचा भाव पडला, भट्टीचं वीजबिल मात्र हलेना. शेठनी केबिनमध्ये बोलावून चहा पाजला आणि म्हणाले, "दोन्ही युनिट आता एकाच माणसाकडे देतोय." तो माणूस मी नव्हतो. वय 53.

पूर्वी सकाळी सातच्या आत भंगाराच्या दलालांचे फोन सुरू व्हायचे. आठवड्यात ते बंद पडले. मोबाईल बिघडला की काय म्हणून बायकोला मिस्ड कॉल द्यायला लावला. वाजला.

मग वहीत नावं लिहून काढली. मिलमालक, डायरेक्टर, पुण्या-मुंबईचे सल्लागार. सगळी वरची माणसं. "बायोडेटा पाठवून ठेवा," हे बहुतेकांचं उत्तर. एकानं तेवढं खरं सांगितलं: "तुम्हाला खालची जागा देववत नाही, आणि वरची रिकामी नाही."

तिसऱ्या महिन्यात लेथवाल्या मामांचा फोन आला. मिलचे रोल घासून त्यांवरच्या खाचा ते पुन्हा नीट करून देतात. नोकरीचा विषयच नाही. "साहेब, एका मिलचा रोल आलाय. जरा बघून जाता का?"

गेलो. ओव्हल खाच एका अंगानं खोल झिजली होती. बोट फिरवलं तरी कळत होतं. त्या मिलमध्ये तापलेली सळई सारखी गाईड सोडून वर उसळत होती. आम्ही त्याला कॉबल म्हणतो. एक कॉबल झाला की लाईन थांबते, अन् जवळ माणूस असला तर जिवावर बेततं. मामा म्हणाले, "रोल मी घासून देईन, पण दुखणं रोलचं नाही."

त्यांच्याच स्कूटरवर मागे बसून मिलमध्ये गेलो. बंद लाईनवर दोरा ताणून पाहिला, तर गाईड खाचेच्या मध्यावर नव्हतं. ते सरकवलं, माल ताज्या खाचेवर घेतला. रात्रपाळीत 12 मिमीच्या सळईचा एक मीटर तुकडा काट्यावर ठेवला. वजन 888 ग्रॅम भरायला हवं, पाच टक्के इकडंतिकडं चालतं. दुपारचा तुकडा 940 होता, हा 885 भरला. पहाटेपर्यंत एकही कॉबल नाही.

दुसऱ्या दिवशी तिथल्या शेठचा फोन आला. बायोडेटा त्यांनी नंतर मागितला, तोही फायलीला लावायला. प्लांट हेडची जागा, पगार आधीपेक्षा 15 हजारांनी कमी. मी घासाघीस केली नाही.

रुजू झालो त्या सकाळी दलालांचे फोन पुन्हा सुरू झाले, अभिनंदनासकट. मामांनी अभिनंदन केलं नाही. म्हणाले, "साहेब, तो दुसरा रोल कधी पाठवता?"