मागची फळी

बाबांची जुनी फायबरग्लासची नाव नांदेडला गोदेकाठी उपडी पडली होती. कवच धडधाकट, आत मात्र, यंत्र अडकवायच्या मागच्या फळीचा कुजून भुसा झालेला. लातूरचे मेहुणे (२०१६ साली त्यांच्या गावाला पाणी आगगाडीनं आलं होतं!) म्हणाले, "भाऊजी, किनवटचं सागवान घाला." साग पाण्यात टिकतो खरा, पण त्याच्या अंगच्या तेलामुळं रेझिन नीट धरत नाही. मी 'आयएस ७१०' शिक्क्याचं मरीन प्लायवूड आणलं. कडांना इपॉक्सी पोटभर पाजलं, बोल्टांच्या भोकांनाही. पाणी शिरतं ते तिथूनच.

विष्णुपुरीला नात चढायला निघाली. मेहुण्यांनी तिचा हात धरला. "थांब बाळ. आधी आजोबा जाऊन येतील."